हार्डबूट घेतलेत? आधी बाइंडिंग नीट लावा

स्नोबोर्डसाठी हार्डबूट, म्हणजे कडक कवचाचे बूट, घेतले असतील तर डोंगरावर जाण्याआधी घरीच एक संध्याकाळ बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या जोडणीसाठी काढा. बाइंडिंग बोर्डाच्या आडव्या रेषेपासून पुढे किती वळवायचं, तो कोन. दुसऱ्या कुणाचे कोन बघून तसेच लावू नका. कोन ठरतो तुमच्या बोर्डाच्या रुंदीवरून आणि बुटाच्या लांबीवरून. बूट अडकवा आणि वरून बघा. पंजा किंवा टाच बोर्डाच्या कडेबाहेर डोकावत असेल, तर वळणात बूट बर्फाला घासतो, कड सुटते आणि तुम्ही आडवे! डोकावणं थांबेपर्यंत कोन वाढवत न्या. कमरेला, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद जागी, २० सेंटीमीटर असलेल्या अल्पाइन बोर्डावर (हार्डबूटसाठीच्या अरुंद बोर्डावर) तो बहुधा ५५ ते ६० अंशांपर्यंत जातो. मागचा कोन पुढच्यापेक्षा दोन-तीन अंश कमी ठेवा. पुढचा पंजा आणि मागची टाच जरा उचलून घेतली, की गुडघे मोकळे होतात.

वळताना बर्फाला हात टेकवायचा मोह मात्र आवरा. फोटोत छान दिसतं, पण खांदे आत कलंडले की कडेवरचा भार जातो. झुकायचं ते गुडघ्यांतून आणि कमरेखालून.

सकाळी, नुकत्याच सपाट केलेल्या सौम्य उतारावर, आधी एकाच कडेवर आडवे जा. बोर्ड स्वतःच वर वळून थांबू द्या. मग मागे बघा. बारीक रेघ उमटली असेल तर कार्व्ह, म्हणजे न घसरता कडेवर कापलेलं वळण, जमलं, रुंद पट्टा दिसला तर बोर्ड घसरला. नवख्यांना मीही इथूनच शिकवतो.

आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी वर बघा. आपण उताराची सगळी रुंदी वापरतो, मागून येणाऱ्याला ते अपेक्षित नसतं.