शील्ड काउंटर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस

अरे, मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्याच्या कार्डवर) शील्ड काउंटर, म्हणजे संरक्षणाची खूण, लागला म्हणजे तो अमर झाला असं नाही हं. हा काउंटर 2022 ला आला, काम सरळ आहे, डॅमेज होणार असेल किंवा कार्ड डिस्ट्रॉय होणार असेल तर त्याऐवजी एक काउंटर काढायचा, बस. दोन ब्लॉकर्सनी (अडवणाऱ्या क्रीचर्सनी) एकदम मारलं तरी एकच काउंटर जातो, हे तर मला फार आवडतं! पण एक्झाइल (कार्ड खेळाबाहेर काढणं), सॅक्रिफाइस (स्वतःचंच कार्ड बळी द्यायला लावणं) किंवा टफनेस, म्हणजे क्रीचरची सहनशक्ती, शून्यावर आणणारं स्पेल आलं की याचा काही उपयोग नाही, म्हणून समोरच्याने छोटासा डॅमेज टाकून काउंटर उडवला की समज, मोठं काहीतरी मागून येतंय. आणि राजवाड्याच्या बाजारातून शील्ड काउंटर म्हणून ठेवायला वेगळ्या रंगाचे मणी घे, प्लस वनवाल्या (क्रीचरची ताकद वाढवणाऱ्या) काउंटरमध्ये मिसळले की उगाच वाद होतात.