इटालियन सलामीचा (आतड्यात भरून वाळवलेल्या डुकराच्या खिम्याचा) घरगुती धंदा परवडतो का? आणि ते कच्चं मांस नासत कसं नाही?

परवडतो, पण कित्येक महिने पैसा छताला टांगून ठेवायची तयारी हवी.

नोकरीनिमित्त अमेरिकेत सिअ‍ॅटलला होतो तेव्हा पायोनियर स्क्वेअर भागातल्या 'सलूमी' नावाच्या चिंचोळ्या दुकानात मी बऱ्याचदा जायचो. बोइंग या विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या आर्मांदिनो बाताली यांनी ते 1999मध्ये काढलं. त्यांच्या आजोबांचं याच शहरात 1903पासून इटालियन किराण्याचं दुकान होतं, पण नातू इंजिनिअर झाला आणि निवृत्तीनंतर इटलीतल्या तस्कनीत एका खाटकाकडे उमेदवारी करायला गेला! पुढे मुलगी आणि जावई यांनी दुकान सांभाळलं, 2017मध्ये विकलं.

आता नासण्याबद्दल. तत्त्व आपल्या सुकटीचंच: मीठ लावा, पाणी काढा. मात्र इथे ऊन चालत नाही. डुकराच्या मांसाचा आणि चरबीचा खिमा मीठ-मिरी-लसूण घालून आतड्यात भरतात. बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू नयेत म्हणून किंचित नायट्राइट, म्हणजे मांस टिकवणारा एक क्षार, असतं. आधी उबदार खोलीत ते आंबवतात, इडलीच्या पिठासारखं. मग साधारण 12 ते 15 अंशांच्या दमट खोलीत टांगतात. वाळवायला दमट खोली? मीही चक्रावलो होतो. पण हवा कोरडी असली की बाहेरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. घाईनं वाळवलेले सांडगे डब्यात बुरसतात ना, तसंच. सलामीवर बाहेरून पांढरी बुरशी मात्र हवीच असते, ती वाईट बुरशीला जागा देत नाही.

10 किलो टांगलं की 6-7 किलो उतरतं. मांसाचे पैसे आज गेले, खोली थंड ठेवायचं बिल दर महिन्याला, विक्री मात्र नंतर. सलूमीत दुपारी सँडविचसाठी फुटपाथपर्यंत रांग लागायची. माझा अंदाज, रोजचा गल्ला त्यावरच भरत असणार. चॉकलेट आणि मेक्सिकन मिरच्या घातलेली त्यांची मोले सलामी मी आधी नाक मुरडून आणि मग दोनदा मागून खाल्ली.

तुम्ही विचारलंय, गोव्यात म्हापशाच्या बाजारात माळा लटकतात त्या चोरीससारखंच (डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजसारखंच) का हे? नात्यातलं आहे, पण चोरीसमध्ये व्हिनेगर आणि लाल मिरची असते, आणि तो शिजवूनच खायचा. सलामीसारखा कच्चा कापून खाऊ नका.