मिल्लेफिओरीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "मण्यांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी पाट्या लिहितो आहे. इटलीतल्या 'मिलेफिओरी' मण्यांना 'सहस्रपुष्पी काच' म्हटलं तर चालेल का? आणि मुरानो, मुरिनो, मुरिनी ही एकाच शब्दाची रूपं आहेत की वेगवेगळे शब्द आहेत?"

दुसऱ्या प्रश्नाचा गुंता आधी सोडवू, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं होईल.

मुरानो हे बेटाचं नाव. व्हेनिसच्या उत्तरेला, त्याच उथळ खाऱ्या पाण्यात ते आहे. १२९१ साली व्हेनिसच्या महासभेनं काचेच्या भट्ट्या शहरातून तिकडे हलवायचा हुकूम काढला. शहरात लाकडी घरं दाटीनं उभी आणि भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, त्यामुळे आगीची धास्ती होती. कारागीर एका बेटावर राहिले की त्यांच्यावर आणि त्यांच्या गुपितांवर नजर ठेवणंही राज्याला सोपं गेलं. पण काचकाम त्या हुकुमापासून सुरू झालं असं नाही. ९८२ सालच्या एका व्हेनेशियन कागदात दोमेनिको नावाच्या साक्षीदारापुढे 'फिओलारिओ' म्हणजे कुपीवाला असं लिहिलेलं सापडतं. मुरानोची सगळी मिरवणूक निघाली ती अशी साध्या कुपीपासून.

'मुरिनो' आणि 'मुरिनी' यांचा या बेटाशी व्युत्पत्तीनं काहीही संबंध नाही. मूळ शब्द 'मुर्रीना', अनेकवचन 'मुर्रीने'. 'मुरिनी' हे अनेकवचन इंग्रजी दुकानदारांनी अंदाजानं पाडलेलं आहे आणि 'मुरिनो' तर मुरानो-मुर्रीना यांची खिचडी. मराठीत 'मुरीना' लिहावं. नक्षीदार काचेच्या काडीची कापलेली चकती म्हणजे मुरीना.

हे नावही चुकून पडलेलं आहे, ती गंमत सांगायलाच हवी. प्राचीन रोमन लोक 'मुर्रा' नावाच्या रंगीत, पट्टेदार दगडाची पात्रं वापरत. इ.स.पूर्व ६१ च्या विजयोत्सवात सेनापती पाँपेनं ती पहिल्यांदा रोमला आणली, असं प्लिनी हा रोमन लेखक सांगतो. त्यांच्या किमती डोळे फिरवणाऱ्या होत्या. हा दगड बहुधा फ्लोराइट नावाचं खनिज असावा, असं आज मानलं जातं. पण एकोणिसाव्या शतकातल्या अनेकांची समजूत अशी की ती पात्रं रंगीबेरंगी काचेचीच होती. १८७० च्या दशकात मुरानोच्या विंचेन्झो मोरेत्तीनं रोमन चित्रकाचेची, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या काचेची, रीत पुन्हा जमवली, तेव्हा मुरानोतलं काचेचं संग्रहालय उभारणारे पाद्री विंचेन्झो झानेत्ती यांनी त्या कामाला प्लिनीच्या पानातलं हे भारदस्त नाव चिकटवलं. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ते गाजलं. दगडाचं नाव काचेला लागलं ते असं.

याच्या उलटही घडलं आहे. 'अव्वेन्तुरीना' ही तांब्याच्या चमचमत्या स्फटिकांनी भरलेली मुरानोची काच, सतराव्या शतकातली. ती योगायोगानं साधली म्हणून 'आ व्हेन्तुरा' म्हणजे नशिबानं मिळालेली, अशी नावाची कथा सांगतात. (कथा खरी असो नसो, ही काच आजही दर वेळी साधेलच याचा भरवसा नसतो. वितळलेला गोळा भट्टीतच दिवसचे दिवस हळूहळू थंड करावा लागतो आणि मग फोडून पाहावं लागतं, आत काय निघालं ते.) पुढे तसाच चमकणारा एक नैसर्गिक दगड सापडला आणि त्याला या काचेवरून अव्हेंच्युरीन म्हणू लागले. आपल्याकडच्या खड्यांच्या दुकानात हिरवा अव्हेंच्युरीन मिळतो, त्याच्या नावात व्हेनिसची भट्टी आहे.

आता मिल्लेफिओरी. शब्द सरळ आहे: मिल्ले म्हणजे हजार, फिओरी म्हणजे फुलं. देवनागरीत जोडाक्षर आहे, तेव्हा 'मिल्ले' असं दुहेरी 'ल'नं लिहा. इटालियन माणूस तो 'ल' जिभेवर थांबवूनच म्हणतो. हे नाव रुळलं एकोणिसाव्या शतकात. १८४५ च्या सुमारास पिएत्रो बिगालियानं व्हेनिसमध्ये काचेच्या गोळ्यात फुलांच्या चकत्या बसवून कागददाब केले, लगेच फ्रान्सच्या बाक्करा, सें-लुई आणि क्लिशी या कारखान्यांनी ती कल्पना उचलली आणि टेबलाटेबलावर हजार फुलं उमलली. वस्तू मात्र जुनी आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी साबेल्लिको नावाच्या इतिहासकारानं व्हेनिसचं वर्णन करताना, कुरणातली सगळी फुलं एका लहानशा गोळीत कोंडणाऱ्या कारागिरांचं कौतुक केलेलं आहे.

ती फुलं गोळीत जातात कशी? इथे इटलीला जायची गरज नाही, स्वयंपाकघरात या. अळूवडी आठवा. पानावर पीठ, त्यावर पान, पुन्हा पीठ, मग वळकटी, मग सुरीनं काप. नक्षी वळकटीच्या अंगभर लांबीत दडलेली असते आणि प्रत्येक कापात तीच दिसते. मुरीना म्हणजे काचेच्या अळूवडीचा काप. फरक एवढाच की काचेची वळकटी कापण्याआधी ओढून बारीक करतात. लोखंडी दांड्याच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेतात, तो चांदणीच्या आकाराच्या साच्यात दाबतात, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर चढवतात, पुन्हा साचा, पुन्हा थर. मग दुसरा माणूस समोरून आपला दांडा त्या तापलेल्या लोळ्याला चिकटवतो आणि दोघं एकमेकांपासून दूर चालू लागतात. मधली काच ताणली जाते आणि मनगटाएवढ्या लोळ्याची पेन्सिलीसारखी काडी होते, कित्येक मीटर लांब. आतली चांदणी तेवढ्याच प्रमाणात लहान होत जाते, पण मोडत नाही. मला या सगळ्या विद्येत हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात फ्रांकिनी बापलेकांनी याच रीतीनं काडीत माणसांचे चेहरे बसवले; काडी कुठेही तोडा, आत तोच इसम तुमच्याकडे बघतो.

काडी थंड झाली की तिच्या चकत्या करतात. मणी करायचा तर मऊ काचेच्या गाभ्यावर चकत्या चिकटवून गोल करतात. पात्र करायचं तर चकत्या तव्यासारख्या पत्र्यावर मांडून एकमेकींना चिकटेपर्यंत तापवतात, ती चादर फुंकनळीच्या टोकावरच्या काचेच्या कड्यावर गुंडाळून घेतात आणि मग फुंकतात. सगळ्या रंगांच्या काचा तापल्यावर सारख्या फुगणाऱ्या आणि थंड होताना सारख्या आकसणाऱ्या असाव्या लागतात. नाहीतर पात्र दिसायला नीट झालं तरी नंतर आपसूक तडकतं. म्हणून शेवटी ते भट्टीशेजारच्या कक्षात तासन्‌तास सावकाश निववतात.

एवढं पाहिल्यावर लक्षात येईल की तुमच्या पाट्यांवर एका शब्दानं भागणार नाही. भट्टीवरचा माणूस दिवसभर 'मिल्लेफिओरी' म्हणत नाही. तो 'कान्ना' म्हणतो, म्हणजे काडी, आणि 'मुरीना' म्हणतो, म्हणजे चकती. मिल्लेफिओरी म्हणतो विकणारा आणि विकत घेणारा, तयार वस्तूकडे पाहून. मराठीतही तेच करावं. कान्नाला 'काडी' किंवा जाड असेल तर 'कांडी', मुरीनाला 'फुलचकती'. आणि तयार मण्याला?

'सहस्रपुष्पी' व्याकरणानं निर्दोष आहे, पण ते एखाद्या आसवाच्या बाटलीवरचं नाव वाटतं. मुख्य म्हणजे इटालियनमध्ये 'मिल्ले' हा मोजणीचा हजार नाहीच. 'मिल्ले ग्रात्सिए' म्हणणारा माणूस हजार वेळा आभार मानत नसतो. असा मोघम, भरगच्च हजार आपल्याकडे आहे, फक्त तो संस्कृतात शोधू नये. दाट पाकळ्यांचा तो हजारी मोगरा. शनिवारवाड्यातलं ते हजारी कारंजं, कमळाला पाकळ्या सोळाच. म्हणून 'हजारी मणी' म्हणा. 'हजारी' फारसीतून आलेला असला तरी फुलांच्या बाबतीत मराठी माणसाच्या कानाला तो कधीचा सवयीचा आहे.

परकी वस्तू डोळ्यांनी पाहून तिला नाव द्यायची ही रीत मराठीला नवी नाही, आणि योगायोग बघा, व्हेनिसच्याच एका वस्तूला आपण असं नाव दिलेलं आहे. १२८४ पासून व्हेनिसचा दुकात हा सोन्याचा शिक्का पाडला जाई. त्यावर संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. व्यापारातून तो इथे आला तेव्हा 'दुकात'चा अर्थ कोणी विचारला नाही. वर माणसांच्या आकृती दिसल्या, झालं, नाव पडलं 'पुतळी'. पुतळ्यांची माळ आजही गळ्यात असते.

प्रदर्शनात इतर प्रकारही असतील असं धरून, झटपट काही सुचवतो. 'लात्तीमो' ही पंधराव्या शतकातली पांढरी अपारदर्शक काच, चिनी मातीच्या भांड्यांची नक्कल करायला काढलेली. 'लात्ते' म्हणजे दूध, तेव्हा 'दुधी काच' हा प्रतिशब्द हाताशीच आहे. फक्त आज आपण न्हाणीघराच्या खिडकीच्या धुरकट काचेलाही दुधी म्हणतो, म्हणून पाटीवर 'दुधासारखी पांढरी' असं लिहिलेलं बरं. 'फिलिग्राना' म्हणजे आत बारीक काचदोरे घातलेली काच, तिच्यात दोन प्रकार महत्त्वाचे: 'रेतोर्तोली'त पांढऱ्या दोऱ्यांना पीळ दिलेला असतो, 'रेतिचेल्लो'त त्या दोऱ्यांची जाळी होते आणि जाळीच्या प्रत्येक घरात हवेचा एक इवलासा बुडबुडा अडकतो. 'पिळाची काच' आणि 'जाळीची काच' एवढं पुरे. विसाव्या शतकातल्या 'सोम्मेर्सो'त एक रंग दुसऱ्या पारदर्शक थरात बुडवलेला असतो. कोरीव, ओतीव, घडीव यांच्या चालीवर 'बुडीव काच' मला आवडेल. त्याच न्यायानं 'फुंकीव काच' तर आजच वापरात आणायला हरकत नाही. आणि कार्लो स्कार्पानं व्हेनीनी कारखान्यासाठी केलेली 'बात्तूतो' काच? शब्दाचा अर्थ 'ठोकलेली'. खरं तर ती कोणी ठोकत नाही, चाकावर घासून तिच्या अंगावर छोटे छोटे खोलगट ठसे उठवतात. आपल्या तांबटांचं मठारकाम ज्यानं पाहिलंय त्याला 'मठारलेली' म्हटलं की पुढे काही सांगायला नको.

'क्रिस्ताल्लो'वर मात्र थोडं थांबतो. १४५० च्या सुमारास मुरानोच्या आंजेलो बारोव्हिएर या काचकारागिरानं समुद्री वनस्पतींची राख नीट शुद्ध करून, मँगनीजनं हिरवट झाक घालवून, जवळजवळ रंगहीन काच साधली. ती गारेच्या नैसर्गिक स्फटिकासारखी दिसे म्हणून क्रिस्ताल्लो. मराठीत याला 'स्फटिक काच' म्हणू नका; 'बिलोरी काच' हा नेमका शब्द आहे, कारण बिलोर म्हणजे तोच दगड, आणि त्यासारखी स्वच्छ काचही. या शब्दाचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. संस्कृत वैदूर्य, प्राकृत वेरुलिय, तिथून ग्रीक बेरुल्लोस आणि पश्चिम आशियात बिल्लौर. फारसीतून तो फिरून आपल्याकडे 'बिलोर' होऊन परतला. ग्रीकातला लॅटिनमार्गे इटलीत 'बेरिल्लो' झाला, आणि 'ब्रिल्लारे', म्हणजे चकाकणे, हे इटालियन क्रियापदही बहुधा त्याच्यातूनच आलं असं मानतात. तेव्हा बारोव्हिएरच्या पेल्याला बिलोरी म्हणण्यात परकेपणा कसला.

बारोव्हिएरची मुलगी मारिएत्ता हिचंही नाव पाटीवर येऊ द्या. १४८७ साली तिला स्वतःची छोटी भट्टी चालवायची परवानगी दोजेकडून मिळाली होती. निळ्या, पांढऱ्या, विटकरी थरांचा चांदणीदार 'रोझेत्ता' मणी तिनं काढला असं परंपरा सांगते.

आणि मणी म्हटले की ओवणं आलं. व्हेनिसच्या गल्ल्यांत दाराशी बसून बारीक मणी दोऱ्यात ओवणाऱ्या बायका असत. त्यांना तिथल्या बोलीत 'इंपिरारेसे' म्हणत; 'इंपिरार' म्हणजे ओवणे. मांडीवर मण्यांनी भरलेलं लाकडी पात्र आणि हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब सुया. त्या सुया मण्यांच्या राशीत खुपसायच्या आणि मणी आपोआप चढत जायचे. मोबदला तुटपुंजा, १९०४ साली त्यांनी संपही केला. काम करताना त्या गाणी म्हणत. आपली जात्यावरची 'ओवी' ओवण्यातूनच आली असं मानतात, म्हणून 'ओवणाऱ्या' हा साधा शब्द इथे वापरा, 'मणी-कामगार महिला' नको.

तर फुलांच्या मण्यांची पाटी मी अशी लिहीन: "हजारी मणी (मिल्लेफिओरी). मुरानो, इटली. रंगीत काडीच्या फुलचकत्या गाभ्यावर बसवून केलेला." आणि शेजारी सुटी चकती ठेवली असेल तर तिच्याखाली फक्त "मुरीना". स्त्रीलिंगीच ठेवा, चकतीसारखी.