कॅलेंडर कोणाला किती उघडावं?

कार्यालयातल्या सामायिक कॅलेंडरबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरं या अंकात.

प्रश्न : संचालकांचं आउटलुक कॅलेंडर मी सांभाळते. मला ‘एडिट’ची परवानगी आहे, तरी आमंत्रणं फक्त त्यांनाच जातात. शिवाय मी स्वीकारलेली एखादी मीटिंग दुसऱ्या दिवशी दिसतच नाही. (पुणे)

‘एडिट’ मिळालं की नोंद घालता, बदलता, काढता येते. संचालकांच्या नावे आलेलं आमंत्रण मात्र तुमच्या इनबॉक्सात येत नाही. त्यासाठी तुम्हाला ‘डेलिगेट’ (त्यांच्या वतीने काम पाहणारा प्रतिनिधी) नेमावं लागेल आणि ते संचालकांनीच आपल्या खात्यातून करायचं. क्लासिक आउटलुकमध्ये (संगणकावरच्या जुन्या आवृत्तीत) फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेलिगेट ॲक्सेस असं जाऊन ‘ॲड’मधून तुमचं नाव निवडावं, कॅलेंडरपुढे ‘एडिटर’ ठेवावं आणि मीटिंगसंबंधी मेलची प्रत डेलिगेटला देणाऱ्या चौकटीत टिक करावी. खातं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा कार्यालयीन मेल-सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तरच हे जमतं.

मीटिंग नाहीशी होण्याचं कारण बहुधा वेगळं आहे: एकच आमंत्रण दोघं हाताळताय. तुम्ही संगणकावर स्वीकारता, ते मोबाइलवर तेच आमंत्रण नाकारतात आणि नोंद जाते. उत्तर देण्याचं काम एकाच माणसाकडे असायला हवं, यात तडजोड नको. डेलिगेटच्या त्याच खिडकीत तळाशी तीन पर्याय दिसतील. त्यातला ‘माय डेलिगेट्स ओन्ली, बट सेंड अ कॉपी’ने सुरू होणारा निवडा, संचालकांना माहितीसाठी प्रत मिळेल, उत्तर तुम्ही द्याल.

‘प्रायव्हेट’ खूण केलेल्या नोंदी तुम्हाला फक्त वेळेपुरत्या दिसतील. त्या उघडण्याची वेगळी टिक आहे, पण ती दिली की कॅलेंडरच नव्हे, तुम्हाला खुल्या असलेल्या सगळ्याच फोल्डरांमधल्या खासगी नोंदी दिसू लागतात. शिवाय ‘प्रायव्हेट’ म्हणजे कुलूप नव्हे; दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून मजकूर वाचला जाऊ शकतो. पगार, आजारपण, नोकरकपात यांचा तपशील कॅलेंडरात लिहूच नये.

प्रश्न : आमचं सीएंचं ऑफिस, सगळे जीमेलवर. मी कधी मोकळा आहे ते सहकाऱ्यांना कळावं, अशिलांची नावं नकोत. मोबाइलवर शेअरचा पर्यायच सापडत नाही. (नाशिक)

तो मोबाइल ॲपमध्ये नाहीच. संगणकावर ब्राउझरमध्ये गुगल कॅलेंडर उघडा. डावीकडे ‘माय कॅलेंडर्स’खाली आपल्या कॅलेंडरच्या नावावर माउस नेला की तीन ठिपके दिसतात, त्यात ‘सेटिंग्ज अँड शेअरिंग’. तिथे सहकाऱ्याचा मेल पत्ता घालून ‘सी ओन्ली फ्री/बिझी’ निवडा. त्याला मेल जाईल. त्यातली लिंक त्याने दाबल्याशिवाय तुमचं कॅलेंडर त्याच्या यादीत येत नाही. ‘पाठवलं पण दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच अडकलेली असते.

सगळ्यात वरची परवानगी, ‘मेक चेंजेस अँड मॅनेज शेअरिंग’, सहसा कोणाला देऊ नका. ती मिळालेला माणूस तुमचं कॅलेंडर तिसऱ्याला उघडून देऊ शकतो. सेटिंग्जमधला ‘सीक्रेट ॲड्रेस’, म्हणजे तुमच्या कॅलेंडरची खासगी लिंक, हीही जपा. तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळा तपशील दिसतो. चुकून बाहेर गेला तर लगेच ‘रीसेट’ करा.

तुमच्या ऑफिससाठी मुदतींचं एक वेगळंच कॅलेंडर करावं: ७ ला टीडीएस भरणा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी (ही जीएसटीची विवरणपत्रं), हे दरमहा भरणाऱ्यांसाठी. ते सगळ्यांना पूर्ण तपशिलासह दाखवा; बदलाचा हक्क दोघांपुरता ठेवा. आयसीएस फाइल (कॅलेंडरातल्या नोंदींची फाइल) व्हॉट्सॲपवर फिरवण्याची सवय असेल तर सोडा. आयात केलेली फाइल म्हणजे त्या क्षणाची प्रत असते. नंतर मुदत वाढली तरी तिच्यात जुनीच तारीख राहते. लिंकच्या पत्त्यावरून जोडलेलं कॅलेंडर आपोआप ताजं होतं, पण गुगलमध्ये त्याला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

प्रश्न : न्यूयॉर्कबरोबरची रोजची संध्याकाळी ७:३० ची मीटिंग नोव्हेंबरात आपोआप ८:३० ला जाते. (हिंजवडी)

मालिका न्यूयॉर्कच्या वेळेत बांधलेली आहे. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. आपली वेळ वर्षभर तीच, म्हणून तिकडचे सकाळचे १० कधी इथले ७:३०, कधी ८:३०. मालिका तयार करताना टाइम झोन भारताचा ठेवला तर इथले ७:३० कायम राहतील आणि थंडीत न्यूयॉर्ककरांना ९ वाजता बसावं लागेल. कोणी सोसायचं हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवा. लंडनचे लोकही असतील तर जास्त सांभाळा: तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन-न्यूयॉर्क अंतरही नेहमीचं नसतं.

प्रश्न : रजा आउटलुकमध्ये टाकली, तरी त्या दिवशी मीटिंगा लागल्या. (ठाणे)

दिवसभराची नोंद आउटलुक मुळात ‘फ्री’ म्हणून धरतं. ‘शो ॲज’मध्ये ‘आउट ऑफ ऑफिस’ करा. टीमला कळवायचं असेल तर दुसरी नोंद करून आमंत्रण पाठवा, आणि ती मात्र ‘फ्री’च ठेवा, रिमाइंडर बंद करून; नाहीतर स्वीकारणारा प्रत्येकजण त्या दिवशी रजेवर दिसेल.