डिजिटल तपासणी, पण मशीन कुठंय?

प्रश्न आलाय तो असा: "बाबांना लघवीचा त्रास होत होता म्हणून दाखवायला नेलं. केसपेपरवर 'डिजिटल रेक्टल एक्झामिनेशन' लिहिलंय. पण डॉक्टरांनी कसलंच मशीन लावलं नाही, ग्लोव्हज घातले आणि हातानेच तपासलं. मग हे डिजिटल कसं? आणि डिजिटलला मराठीत अंकीय म्हणतात, तर याला 'अंकीय तपासणी' म्हणायचं का?"

अंकीय अजिबात म्हणू नका, आणि डॉक्टरांवर शंकाही घेऊ नका. त्यांनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. लॅटिनमध्ये डिजिटस म्हणजे बोट, हाताचं काय आणि पायाचं काय, आणि डॉक्टर लोकांच्या भाषेत तो जुना अर्थ अजून ठणठणीत जिवंत आहे. बोटातली नस ती डिजिटल नर्व्ह, नख काढायचं असेल तर आधी बोट बधिर करायला जे इंजेक्शन देतात तो डिजिटल ब्लॉक. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी, ती गुदद्वाराच्या आत पुढच्या बाजूला बोटाला लागते, तिचा आकार केवढा, टणक आहे का मऊ, हे त्या एका बोटाने कळतं. म्हणजे ज्यात मशीनचा काडीचा संबंध नाही तीच खरी डिजिटल तपासणी!

आता बोटाचा आकडा कसा झाला, तर मोजण्यामुळे. मध्ययुगीन युरोपातल्या गणितात 1 ते 9 या आकड्यांना 'डिजिटी' म्हणजे बोटं म्हणायचे आणि 10, 20, 30 अशा दशकांना 'आर्टिक्युली' म्हणजे सांधे, आपल्या भाषेत पेरं. हे वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली, ती दूधवाल्याचा हिशोब पेरांवर करायची, चार बोटांची तीन-तीन पेरं आणि त्यावरनं फिरणारा अंगठा, एका हातावर बारा, आणि तिचा हिशोब चुकलेला मी तरी पाहिला नाही. आपणही 'बोटावर मोजण्याइतके' म्हणतोच की. पण आपल्याकडे बोट बोटच राहिलं आणि अंक वेगळा राहिला, तिकडे मात्र एकाच शब्दावर दोन्ही ओझी पडली.

कॉम्प्युटरला हा शब्द चिकटला तो त्या मानाने अगदी अलीकडे, 1942 मध्ये. जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे गणितज्ञ होते, त्यांनी 1937 मध्ये घरी किचनच्या टेबलावर रिले म्हणजे विजेने चालू-बंद होणारे स्विच, बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून बेरीज करणारं एक यंत्र केलं होतं, त्याचं नावच पडलं मॉडेल के, के फॉर किचन. पुढे महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रांची चर्चा चालू होती. काही यंत्रं विजेचे ठोके मोजून गणित करणारी होती, त्यांना 'पल्स' शब्द वापरत होते, तो स्टिबिट्झना पटेना, त्यांनी 'डिजिटल' सुचवला. पल्स म्हणजे नाडी की हो! म्हणजे त्या माणसाने नाडी सोडून बोट धरलं, दोन्ही शब्द दवाखान्यातलेच. आणि गंमत अशी की हेच स्टिबिट्झ 1964 मध्ये अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजच्या मेडिकल स्कूलमध्ये फिजिऑलॉजी म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते शिकवणाऱ्या विभागात गेले आणि फुप्फुसात ऑक्सिजन कसा फिरतो, औषध शरीरात कसं पसरतं याची गणितं कॉम्प्युटरवर करायला लागले. डिजिटल शब्द देणारा माणूस स्वतःच शेवटी मेडिकलमध्ये.

पण मेडिकलमध्ये एक तिसरं डिजिटलही आहे आणि खरा घोटाळा तिथे होतो. डिजिटॅलिस नावाची वनस्पती आहे, इंग्रजीत फॉक्सग्लोव्ह. तिची फुलं शिंप्याच्या अंगुस्तानासारखी असतात, बोटात घालता येतील अशी. जर्मनमध्ये अंगुस्तानाला 'फिंगरहुट' म्हणजे बोटाची टोपी म्हणतात, त्यावरून लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने 1542 मध्ये तिला लॅटिन नाव दिलं डिजिटॅलिस. (आपलं अंगुस्तानही बोटाचंच बरं का, फारसी अंगुश्त म्हणजे बोट, संस्कृत अंगुष्ठाचा भाऊबंद.) मग बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारबाईचा अंगावरच्या सुजेवर झाडपाल्याचा गुप्त काढा होता, त्यात वीसेक वनस्पती, त्यातलं गुण देणारं काय तर हीच, असं त्यांनी ताडलं, वर्षानुवर्षं रोग्यांवर वापरून नोंदी ठेवल्या आणि 1785 मध्ये पुस्तक लिहिलं. 1930 मध्ये तिच्याच एका जातभाईपासून डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध वेगळं काढलं गेलं. तुमच्या घरात कुणी हार्टचं पेशंट असेल तर ती बारीकशी गोळी ओळखीची असेल, आमच्याकडे आजोबांना आठवड्यात 5 दिवस असायची, शनिवार-रविवार गोळीला सुट्टी, कारण हे औषध अंगात साठतं आणि जरा जास्त झालं की त्रास देतं, मळमळ, ठोके चुकणं, कुणाकुणाला तर सगळं पिवळंच दिसायला लागतं.

तर या डिजिटॅलिसचा पुरेसा डोस देऊन पेशंटच्या हृदयावर औषधाचा पूर्ण अंमल आणणं याला डॉक्टर लोक म्हणायचे 'डिजिटलायझेशन'. मी एका ठिकाणी जुने केसपेपर स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचं काम केलंय काही महिने, तिथे 1970 च्या आसपासच्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर लिहिलेलं, 'पेशंट फुल्ली डिजिटलाइझ्ड'. आमच्यातल्या एकाने तो गठ्ठा 'आधीच झालेले' म्हणून चक्क बाजूला ठेवून दिला! दोन दिवसांनी एका म्हाताऱ्या सिस्टरनी बघितलं आणि हसून हसून खुर्चीत बसल्या. 1970 साली कोण स्कॅन करणार होतं हा विचार आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही हे विशेष.

आता 'अंकीय' बरोबर का, याचं उत्तर. माझं मत विचाराल तर शब्द चांगला आहे, फक्त जिथे खरंच आकडे आहेत तिथेच वापरावा. सीटी स्कॅन घ्या. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या मशीनवर लंडनच्या ऍटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये 1 ऑक्टोबर 1971 ला पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, ते चित्र 80 बाय 80 चौकटींचं होतं, म्हणजे सगळे मिळून 6400 आकडे आणि प्रत्येक आकडा म्हणजे त्या जागी एक्स-रे किती अडला त्याचा हिशोब. आजही स्कॅनमध्ये पाण्याला 0 धरतात, हवेला उणे 1000, आणि या मापाला हाउन्सफील्डचंच नाव आहे. याला अंकीय प्रतिमा म्हटलं तर शब्द चपखल बसतो, कारण मुळात फोटो नाहीच तो, आकड्यांचा तक्ता आहे, आपल्याला दिसावा म्हणून काळा-पांढरा रंगवलेला. (आमच्या गावाकडे एक्स-रेला अजूनही 'छातीचा फोटो' म्हणतात, तेही आपापल्या जागी बरोबरच, फिल्म उजेडाला धरायचे दिवस होते ते.) फ्रेंच लोकांनीही हेच केलंय, त्यांच्याकडे कॉम्प्युटरवालं ते 'न्यूमेरिक', आणि 'डिजिताल' म्हटलं की मुख्यतः बोटाचं, बोटाच्या ठशाला ते 'आंप्रांत डिजिताल' म्हणतात. म्हणजे आपलं अंकीय काही सरकारी कोशातलं अवघडलेलं भाषांतर नाही, अर्थाच्या बाजूने बघितलं तर ते इंग्रजीपेक्षा सरळ आहे.

तरी बोलताना कोण अंकीय म्हणतं? मीही नाही म्हणत. घरात पाऱ्याचं थर्मामीटर आणि डिजिटल थर्मामीटर, काट्याचं घड्याळ आणि डिजिटल घड्याळ, असंच चालतं. आणि लोकांनी या शब्दाचं आपल्या पद्धतीने काय करायचं ते करून टाकलंच आहे, सातारा-सांगलीकडे 'चौकात डिजिटल लावलंय' म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात ना बोट ना आकडा, फार तर भाऊंचं वर केलेलं बोट असतं फोटोत. कोरोनात घरोघरी जो ऑक्सिमीटर आला, ज्याच्या मागची कल्पना ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये 1974 च्या सुमाराला मांडली होती, तो मात्र दोन्ही अर्थांनी डिजिटल म्हणायला हरकत नाही, बोटाला लावायचा आणि आकडा वाचायचा.

तर बाबांच्या केसपेपरचं मराठी करायचं असेल तर सरळ 'गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी' लिहा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आणि जाता जाता, तुम्ही प्रश्नात डिजिटल बरोबर लिहिलंय, दोन्ही इकार ऱ्हस्व. पाट्यांवर 'डिजीटल' दिसतं ते चूक.