इनुयाशामधली कागोमेची आई मुलीला विहिरीत जाण्यापासून अडवत का नाही?

बेजबाबदार अजिबात नाहीये ती. लेखिकेचा आळस म्हणाल तर थोडासा आहे, त्यावर खाली येतेच. तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षांची पोरगी शाळा बुडवून देवळाच्या आवारातल्या जुन्या विहिरीत उडी मारते, पाचशे वर्षं मागे जाते, तिथे राक्षसांशी मारामाऱ्या करते, रक्ताळलेल्या कपड्यांनी घरी येते, आणि ही बाई ॲप्रन बांधून हसतमुखाने "आलीस का" म्हणते, ही कसली आई? प्रश्न एकदम रास्त आहे आणि पहिल्यांदा बघताना बहुतेकांना पडतोच.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. रुमिको ताकाहाशींची ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, 1996 च्या नोव्हेंबरपासून 2008 च्या जूनपर्यंत वीकली शोनेन संडेमध्ये चालली, 558 चॅप्टर, 56 खंड. कागोमे हिगुराशी ही टोकियोतली मुलगी, घर म्हणजे शिंतो देवस्थानच, आजोबा तिथले पुजारी, धाकटा भाऊ सोता, एक जाडं मांजर बुयो, आणि आई. वडील गोष्टीत नाहीतच आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलतही नाही. पंधराव्या वाढदिवसाला विहिरीतून एक शतपाद योकाई, म्हणजे राक्षसी प्राणी, बाहेर येते आणि कागोमेला ओढून सेनगोकू काळात, म्हणजे जपानमधल्या लढायांच्या धामधुमीत नेते, तिथे झाडाला बाणाने खिळलेला अर्धा माणूस अर्धा योकाई असा इनुयाशा भेटतो, मग शिकोन नो तामा हा योकाईंना ताकद देणारा मणी फुटून त्याचे तुकडे सगळीकडे उडतात आणि ते गोळा करत फिरायचं. बाकी सगळं तुम्हाला माहितीये.

आता आधी प्रॅक्टिकल मुद्दा, जो लोक विसरतात. ती विहीर फक्त कागोमे आणि इनुयाशा यांनाच पलीकडे नेते. मांसाला चिकटणाऱ्या मुखवट्याचा जो चॅप्टर आहे त्यात बिचारा सोता इनुयाशाला बोलवायला विहिरीत उतरतो तर त्याच्या पायाखाली नुसती माती. म्हणजे आईला मागोमाग जाता येत नाही, कुणाला पाठवता येत नाही, पोलिसांत जाऊन सांगणार तरी काय. विहिरीवर झाकण ठोकायचं म्हटलं तर तो प्रयोग आजोबा आधीच करून बसलेत, मंतरलेल्या चिठ्ठ्या चिकटवून विहीर बंद केली म्हणून छाती फुगवतात आणि इनुयाशा आरामात वर येऊन तुमच्या त्या चिठ्ठ्यांचा काहीच उपयोग नाही म्हणून तोंडावर सांगतो. शिवाय कागोमे तिकडे पिकनिकला जात नाहीये, मणी तिच्याच हातून फुटलाय आणि तुकडे ज्याच्या हाती पडतील तो माणसं खाणार हे तिला माहितीये. अशा मुलीला कोंडून ठेवून काय मिळवणार तुम्ही?

घरातल्या प्रत्येकाने आपापलं काम वाटून घेतलंय हे बघा. आजोबा शाळेत फोन करून रोज नवीन आजार सांगतात, एवढ्याशा पोरीला संधिवात काय आणि मधुमेह काय, आणि तो होजो नावाचा सज्जन मुलगा ते खरं मानून तब्येतीसाठीच्या वस्तू घेऊन दारात उभा. सोता इनुयाशाचा फॅन झालाय. आई काय करते, तर घर घरासारखं ठेवते. कागोमे परत येते तेव्हा गरम पाण्याची अंघोळ असते, जेवण असते, अंथरूण असतं, आणि उलटतपासणी नसते. किक्योच्या, म्हणजे इनुयाशाचं आधी जिच्यावर प्रेम होतं त्या पुजारिणीच्या, प्रकरणात मन मोडून ती मुलगी घरी येते ना, आता मी जाणारच नाही म्हणून, तेव्हासुद्धा आई तिला "बघ मी म्हटलं नव्हतं" छाप काही ऐकवत नाही. मला स्वतःला हे जमत नाही हो. माझा मुलगा ट्रेकवरून एक तास उशिरा आला तरी माझे फोन सुरू होतात, त्यामुळे या बाईकडे बघून मला कधी कौतुक वाटतं आणि कधी चक्क राग येतो.

पण माझ्या मते तिला समजून घ्यायची खरी जागा दुसरीच आहे, कानांचा सीन. सुरुवातीलाच, इनुयाशा पहिल्यांदा कागोमेला न्यायला तिच्या घरात घुसतो तो. जरा डोळ्यासमोर आणा, लांब पांढरे केस, नखं, सुळे, डोक्यावर कुत्र्याचे कान, आणि हा प्राणी तुमच्या मुलीला घेऊन चल म्हणतोय. आजोबा ओरडतायत. आई पुढे येते आणि त्याचे कान हातात धरून बघते, खरे आहेत का म्हणून. सगळे या सीनला हसतात, जोकच आहे तो. पण आता पहिला चॅप्टर आठवा, झाडाला खिळलेला इनुयाशा दिसल्यावर कागोमेने सगळ्यात आधी काय केलं? वर चढली आणि त्याचे कान चिवडले! अनोळखी जगात, जीव वाचवून आलेली मुलगी, आणि तिला भीतीच्या आधी कुतूहल सुचतं. हे कुठून आलं ते लेखिकेने नंतर, एकही वाक्य न लिहिता, आईच्या हातातून दाखवलंय. मुलगी आईवर गेलीये, बास.

आणि ते कान म्हणजे साधी गोष्ट नाहीये. इनुयाशाची अख्खी कर्मकहाणी त्या कानांत आहे. त्याची आई माणूस होती, मोठ्या घराण्यातली, वडील कुत्रा-योकाई. लहानपणी वाड्यातली मोठी माणसं चेंडू खेळत असतात आणि याला बघून तोंड फिरवतात, हान्यो म्हणतात, म्हणजे अर्धवट, ना माणूस ना योकाई. तो धावत आईकडे जाऊन विचारतो हान्यो म्हणजे काय, आणि ती उत्तर न देता त्याला जवळ घेऊन रडते. मग ती वारते आणि त्यानंतर त्या पोराला माणसांनी हाकललं आणि योकाईंनीही. किक्यो आली, पण शेवटी तिनेच त्याला बाणाने झाडाला खिळलं, ते तुम्ही बघितलंच आहे. म्हणजे ज्या कानांमुळे गावोगावच्या बायका पोरांना घरात ओढून दारं लावत असतील ते कान एक मध्यमवयीन गृहिणी सहज हातात घेते आणि चांगले आहेत म्हणून सोडून देते. पुढे तो या घरात ये-जा करतो, कागोमेची वाट बघत बसतो, मांजराला छळतो, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. मोठ्या माणसांनी त्याला असं घरात येऊ दिल्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात फार आला नसणार, आणि ते घर त्याला आईने उघडून दिलंय, त्यासाठी तिला भाषण करावं लागलं नाही.

ताकाहाशींच्या डोक्यात आई हा विषय या मांगाच्या सुरुवातीला जोरात होता असं मला नेहमी वाटतं. इनुयाशाचा सावत्र भाऊ सेस्शोमारू वडिलांच्या थडग्याचा पत्ता काढायला इनुयाशाच्या मेलेल्या आईचं रूप घेतलेली मु-ओन्ना पाठवतो, ती योकाई म्हणजे लढाया आणि दुष्काळात मुलं गमावलेल्या आयांच्या दुःखातून तयार झालेली, आणि फसवायला आलेली तीच शेवटी त्याला वाचवायला मधे पडते. (मी तो भाग दुसऱ्यांदा वाचायचं टाळते.) मग आधुनिक टोकियोतली मायू, आगीत गेलेली मुलगी, आईने मला मुद्दाम सोडलं म्हणून भूत होऊन सूड घेत फिरणारी, आणि आईला ती कपाटात लपली होती हेच माहीत नव्हतं. जिनेन्जीची म्हातारी आई आहे, ती मवाळ वगैरे काही नाही, मुलावर दगड मारणाऱ्या गावाला पुरून उरते. फार पुढे सेस्शोमारूची आई येते, थंडगार, राजेशाही, मुलाला धडा मिळावा म्हणून त्याच्यासोबत फिरणाऱ्या रिन या लहान मुलीचा जीव जाऊ देते. आणि ताकाहाशींच्याच आधीच्या रानमा या मांगामध्ये तर नोदोका नावाची आई तलवार घेऊन फिरते, मुलगा पुरुषासारखा पुरुष निघाला नाही तर सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करायचा करारच झालेला. एवढ्या सगळ्या कडक, दुःखी, भयानक आया काढणाऱ्या बाईला साधी काळजीवाहू आई काढता आली नसती असं नाही ना. कागोमेच्या आईला तिने मुद्दाम शांत ठेवलंय.

आता आळसाबद्दल. दर आठवड्याला चॅप्टर द्यायचा असतो, मुलांचं साप्ताहिक आहे, वाचकाला मारामारी हवी. घरी रोज "नको जाऊ" चा तमाशा सुरू झाला असता तर गोष्ट विहिरीच्या काठावरच अडकली असती. त्यामुळे आई समजूतदार असणं ही सोय आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे, 56 खंडांत तिचा स्वतःचा एक चॅप्टर नाही. नावसुद्धा नाही! मुलांसाठी ती मामा, बाकी सगळ्यांसाठी कागोमेची आई. नवरा गेल्यावर तिने काय केलं, दिवसभर देवस्थानाच्या आवारात काय करते, मुलगी आठवडाभर आली नाही तर रात्री त्या विहिरीच्या खोपटात जाऊन बसते का, काही नाही. मांगात इनुयाशाच्या आईलाही नाव नाही, इझायोई हे नाव 2003 च्या तिसऱ्या सिनेमात आलं. नाराकू या मुख्य खलनायकाच्या एकेका चिल्लर चेल्याला नाव, पार्श्वभूमी, मरण्याचा सीन, सगळं मिळतं, मग ही उधारी मला खटकते.

यापुढे शेवट सांगतेय, बघायचा असेल तर हा परिच्छेद सोडा. तुम्ही जर फक्त मांगावरून केलेली जुनी ॲनिमे मालिका बघितली असेल, 2000 ते 2004 ची 167 एपिसोडची, तर त्यात गोष्ट संपतच नाही, अर्धवट थांबते, आणि मला वाटतं तुमचा प्रश्न तिथूनच आलाय, कारण तोवर आई खरंच बॅकग्राउंडला हसत उभी असते. नाराकू मेल्यावर काय होतं बघा. विहीर गायब होते, कागोमे मण्याच्या आत अडकते, घरच्यांच्या हातात काहीच नाही. मग इनुयाशा तिला परत आणतो आणि ती आईच्या गळ्यात पडून रडते, आणि त्या क्षणी त्याला विहीर मागे ओढून घेते आणि रस्ता बंद. तीन वर्षं. आईला मुलगी परत मिळाली, पूर्णपणे, कायमची, हायस्कूल झालं, राक्षस नाहीत, आता कुठल्याही आईने सुटकेचा श्वास सोडला असता. शेवटच्या चॅप्टरमध्ये कागोमेचं हायस्कूल संपतं, अठरा वर्षांची, विहिरीपाशी उभी, आणि तळाशी आभाळ दिसतं. आई मागून येते. कागोमे मामा, मी... एवढंच म्हणते आणि पुढचं आईला कळतं. बघा, आधीच्या सगळ्या वेळी ती परत येणार होती, या वेळी तशी काहीच खात्री नाही. तिला एका शब्दाने थांबवता आलं असतं, आणि मला खात्री आहे कागोमे थांबलीही असती, इतकी ती आईची आहे. नाही थांबवत. त्यामुळे आधीचे 500 चॅप्टर तिला काही फरकच पडत नव्हता असं जे वाटतं ना, ते इथे आल्यावर पूर्ण उलटं होतं, ती पहिल्यापासूनच विहिरीतून जाणाऱ्या मुलीला जाऊ द्यायला शिकत होती. (माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की मी जास्त वाचतेय यात, ताकाहाशींना फक्त लग्न लावून द्यायचं होतं. असेलही.)

नंतरच्या यशाहिमे या मालिकेमध्ये, 2020 ते 2022 ची, सोता मोठा झालाय आणि सेस्शोमारूची मुलगी तोवा लहानपणी काळाच्या बोगद्यातून त्यांच्याकडे येऊन पडते तर तिला घरच्यासारखी वाढवतात, कागोमेची मुलगी मोरोहापण त्या घरी येऊन जाते. मालिका मला फारशी आवडली नाही, पण कुठूनही टपकलेल्या योकाईच्या पोराला जेवायला वाढायचं हे वळण सोतामध्ये कुठून आलं ते सांगायला नको.

तर तुम्ही असं करा, द फायनल ॲक्ट नावाचे पुढचे 26 एपिसोड आहेत, 2009-10 चे, ते आधी बघून टाका, वेग फार आहे, बरंच काही गुंडाळलंय, पण शेवट पूर्ण आहे. वेळ असेल तर मांगाचे पहिले दोन खंड आणि शेवटचा खंड वाचा, मधलं नंतर. आणि मग परत पहिले तीन-चार एपिसोड लावा आणि फक्त आईकडे लक्ष ठेवा, आजोबा आरडाओरडा करत असताना ती कुठे बघत असते ते. तुमचं मत बदललं नाही तर इथेच लिहा, भांडायला मी आहे.