वाळवंटातल्या दरीला पाणी कुठले?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असता ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन पाहिली. इतक्या रखरखीत मुलखात एवढी खोल दरी पाण्याने कोरली, हे मनाला पटत नाही. हे काम वाऱ्याचे असेल का? शिवाय तिचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण दरी कोरण्याचे श्रेय वाऱ्याला देता येत नाही. ते कोलोरॅडो नदीचेच काम आहे; मात्र ही नदी वाळवंटाच्या पाण्यावर जगत नाही. ती रॉकी पर्वतात उगम पावते आणि तेथील वितळलेल्या बर्फाचे पाणी घेऊन कोरड्या पठारावरून वाहते. हे पठार भूगर्भातील हालचालींमुळे उंचावल्याने नदीला उतार मिळाला, आणि पुराबरोबर येणारी रेती व दगडगोटे तळ घासत राहिले. निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे आपण पाहिले असतील, तर फिरत्या गोट्यांची ताकद वेगळी सांगायला नको. सुमारे ५० ते ६० लाख वर्षांत ४४६ किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी १.८ किलोमीटरहून अधिक खोल अशी ही दरी तयार झाली. आज तिच्या तळाशी दिसणारे पाणी बरेचदा निवळ आणि हिरवट असते, याचे कारण १९६३ पासून वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात गाळ अडतो. त्याआधीची नदी गढूळ, तांबूस होती.

खोली बाहेरून आलेल्या पाण्याने दिली, तर कड्यांचा उभेपणा स्थानिक पाण्याच्या तुटवड्याने टिकवला. मुबलक पाऊस असता तर दोन्ही बाजू झिजून, मातीने आणि झाडीने झाकून, उतरत्या झाल्या असत्या. येथे मात्र खडक उघडा राहतो आणि त्याचा प्रत्येक थर आपल्या स्वभावाप्रमाणे झिजतो : चुनखडी आणि वाळूचा खडक यांचे सरळ कडे होतात, मऊ शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरदार खडकाचे, उतार होतात, आणि खालचा शेल झिजला की वरचा कडा आधार सुटून कोसळतो. पायऱ्या दिसतात त्या यामुळे. मध्यावरचा रेडवॉल नावाचा लाल कडा तर जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो मुळात करड्या चुनखडीचा आहे; वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहयुक्त गाळाने त्याला लाली चढली आहे, आणि जेथे कपचा ताजा निखळला असेल तेथे आतला करडा रंग उघडा पडतो.

स्थानिक पाऊस अगदीच निरुपयोगी आहे, असे मात्र समजू नये. तो क्वचित पडतो, पण उघड्या खडकात मुरत नाही, आणि सारे पाणी अरुंद घळींत लोंढ्याने शिरते. ॲरिझोनातीलच अँटिलोप कॅन्यन अशा लोंढ्यांनी कोरली आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये वरच्या बाजूला झालेल्या वादळी पावसाचे पाणी तेथे घुसून ११ पर्यटक दगावले. त्यामुळे पुन्हा त्या बाजूला जाणे झाले, तर डोक्यावरच्या आभाळापेक्षा घळीच्या वरच्या अंगाच्या हवामानाची चौकशी करावी.

राहता राहिला वारा. त्याचे मोठे काम दरीच्या फार आधीचे आहे. ग्रँड कॅन्यनच्या माथ्याच्या थोडे खाली कोकोनिनो नावाचा फिकट पिवळसर थर आहे. तो सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांचा खडक झालेला भाग आहे. त्याच्यातील तिरप्या रेषा म्हणजे त्या टेकड्यांचे उतार, आणि त्या उतारांवरून चढून गेलेल्या चतुष्पाद प्राण्यांच्या पावलांचे ठसे आजही त्यात सापडतात.